तक्रार एकाची, नियम सगळ्यांचा

२००७ च्या जानेवारीत ‘कौन बनेगा करोडपती’चा तिसरा हंगाम सुरू झाला. हॉट सीटवरच्या माणसाला शाहरुख खान प्रश्न विचारत असे आणि मधेच घरी बसलेल्यांसाठी वेगळा प्रश्न पडद्यावर येई. चार पर्याय, उत्तर एसएमएसने पाठवायचे, बरोबर उत्तर देणाऱ्यांतून एकाला बक्षीस. स्पर्धेचे नाव ‘हर सीट हॉट सीट’. प्रवेश फी नव्हती. एका एसएमएसला मात्र २ रुपये ४० पैसे पडत. साध्या एसएमएसच्या मानाने ही रक्कम बरीच जास्त होती.

२ रुपये ४० पैशांसाठी कोण भांडायला जाणार? घरातून बाहेर पडून कोपऱ्यावरून एक झेरॉक्स काढून आणायची, तरी तेवढे पैसे जातात. पण असे जवळपास ५ कोटी ८० लाख एसएमएस आले. गुणाकार केला की आकडा १३ कोटी ९२ लाखांवर जातो. ‘सोसायटी ऑफ कॅटलिस्ट्स’ या स्वयंसेवी ग्राहक संस्थेने हा गुणाकार केला आणि थेट राष्ट्रीय ग्राहक आयोगाचे दार ठोठावले. स्पर्धा फुकट असल्याचा आभास निर्माण करून बक्षिसाची रक्कम एसएमएसच्या वाढीव दरातूनच वसूल केली जाते, हा तिचा आक्षेप. सप्टेंबर २००८ मध्ये आयोगाने तो मान्य केला आणि कार्यक्रम दाखवणाऱ्या स्टार इंडिया व एसएमएस सेवा पुरवणाऱ्या एअरटेल यांना १ कोटी रुपयांची दंडात्मक भरपाई भरायला सांगितली.

गोष्ट इथे संपत नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा आदेश रद्द केला. बक्षीस एसएमएसच्या पैशातूनच दिले गेले हे पुराव्याने शाबीत झालेले नाही, असे न्यायालयाने म्हटले.

आयोगातली जीत आणि सर्वोच्च न्यायालयातली हार, दोन्हींतून शिकण्यासारखे आहे. नुकसान जेव्हा एकेकाच्या वाट्याला चिमूटभर येते आणि एकत्र केल्यावर डोंगराएवढे होते, तेव्हा कायदा कितीही चांगला असला तरी एकटा माणूस तो वापरायला जात नाही. तिथे संस्थाच लागते. आणि संस्था उभी राहिली तरी नुसता संताप पुरत नाही, कागद लागतो. ग्राहक संरक्षणाचा आपल्याकडचा अर्धाअधिक इतिहास अशा कागद जमवणाऱ्या बिनपगारी माणसांचा आहे, आणि त्यातला मोठा भाग महाराष्ट्रात घडला आहे.

लाटणी आणि वजनकाटा

ग्राहकांनी संघटित होण्याची मुंबईची परंपरा जुनी आहे. रेल्वे प्रवाशांच्या गाऱ्हाण्यांसाठी ‘पॅसेंजर्स अँड ट्रॅफिक रिलीफ असोसिएशन’ निघाली ती १९१५ साली. १९६६ मध्ये नऊ स्त्रियांनी मुंबईतच ‘कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया’ स्थापन केली. लीला जोग यांनी या संस्थेचे काम वर्षानुवर्षे वाहिले. भेसळ, वजनमापातली फसवणूक, घरगुती वस्तूंचा दर्जा हे विषय तोवर ‘बायकांच्या कुरकुरी’ समजले जात. या संस्थेने ते तपासणी आणि पत्रव्यवहाराच्या पातळीवर आणले.

मग १९७२ चा दुष्काळ आला. रॉकेलच्या रांगा, रेशनवरची लाल ज्वारी, साखर आणि तेलाची चणचण. मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतल्या बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. सरकारला त्या मोर्चांची दखल घ्यावी लागली. पण मोर्चा संपला की सकाळी पुन्हा त्याच दुकानात जायचे आणि दुकानदार देईल ते घ्यायचे, हे चुकत नव्हते.

त्या अडचणीवर पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये वेगळा उपाय मांडला. ग्राहकाने दुकानदाराच्या नावाने बोटे मोडण्यापेक्षा एकत्र येऊन स्वतःच घाऊक खरेदी करावी. त्यातून ग्राहक पंचायत उभी राहिली. संगीतकार सुधीर फडके यांच्यासारखी मंडळी या चळवळीत होती. १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली आणि तिची वितरण व्यवस्था आजही चालू आहे.

या व्यवस्थेत आसपासच्या दहा-पंधरा कुटुंबांचा एक संघ होतो. महिन्याची यादी आधी भरायची, पैसे आधी जमा करायचे. ठरल्या दिवशी माल एका सभासदाच्या घरी उतरतो. त्या दिवशी त्या घराच्या हॉलमध्ये चालायला जागा नसते. सोफा भिंतीला सरकवलेला, मधे डाळी, गूळ, तेलाचे डबे, साबणांच्या वड्या, एका बाजूला प्रत्येक घराच्या नावाची पिशवी. पाळी ज्यांची असेल ते यादी घेऊन बसतात. एक जण वाचतो, दुसरा मोजतो, तिसरा खूण करतो. हिशेब जुळला नाही तर पुन्हा पहिल्यापासून. डाळीत खडे निघाले, पाकिटावर तारीख दिसली नाही, वजन कमी भरले, तर ते नोंदवून पंचायतीला कळवायचे. पुढच्या महिन्यात तो पुरवठादार असावा की नाही, हे त्या नोंदीवरून ठरते.

वरवर पाहता यात कायद्याची अंमलबजावणी कुठेच नाही. पण दर महिन्याला स्वतःच्या हाताने मोजणाऱ्या माणसाला पाकिटावर काय छापलेले असायला हवे, हे पाठ होते. निव्वळ वजन, कमाल किरकोळ किंमत, उत्पादकाचा पत्ता, महिना आणि वर्ष. पुढे कायदे आले तेव्हा ते वापरू शकणारी हजारो कुटुंबे मुंबई-ठाण्यात तयार होती, ती अशा हॉलमधून तयार झाली होती. पंचायतीच्या मासिकाचे नाव ‘ग्राहक तितुका मेळवावा’ आहे, आणि संघाच्या रचनेत तेच अक्षरशः घडते.

कायद्याने हातात काय दिले

१९८५ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी ग्राहक संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली. पुढच्या वर्षी २४ डिसेंबरला ग्राहक संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. हा दिवस आपण राष्ट्रीय ग्राहक दिन म्हणून पाळतो. जिल्हा मंच, राज्य आयोग, राष्ट्रीय आयोग या तीन पायऱ्यांची चर्चा खूप झाली. तेवढीच महत्त्वाची गोष्ट मात्र फारशी कुणी सांगत नाही. तक्रारदार कोण, या व्याख्येत कायद्याने ग्राहकाच्या शेजारी नोंदणीकृत स्वयंसेवी ग्राहक संस्थेलाही बसवले.

त्याच सुमारास इतर कायद्यांतही दारे उघडली. अन्नभेसळ प्रतिबंधक कायद्याखाली नमुना तपासून घेण्याचा आणि खटला भरण्याचा अधिकार मान्यताप्राप्त ग्राहक संस्थांना मिळाला. जीवनावश्यक वस्तू कायद्याखाली त्यांच्या तक्रारीची दखल घेणे न्यायालयाला शक्य झाले. निरीक्षक मोजके आणि दुकाने अगणित, ही सरकारची अडचण होती. त्यामुळे सरकारने आपल्या डोळ्यांच्या जोडीला लोकांचे डोळे घेतले.

२०१९ चा नवा कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला, तेव्हाही ही तरतूद कायम राहिली. कलम ३५ प्रमाणे संस्थेला कोणत्याही ग्राहकाच्या वतीने तक्रार करता येते. तो ग्राहक संस्थेचा सभासद असो वा नसो. स्थावर संपदा कायद्याच्या कलम ३१ मध्येही घर घेणाऱ्यांच्या संघटनेबरोबर स्वयंसेवी ग्राहक संस्थेचा उल्लेख आहे. अन्न सुरक्षा व मानके कायद्याच्या कलम ४० प्रमाणे तर कोणीही खरेदीदार शुल्क भरून पदार्थ तपासून घेऊ शकतो, आणि पदार्थ निकृष्ट निघाला तर ते शुल्क परत मिळते.

मार्गदर्शन केंद्रातले टेबल

या कलमांना हातपाय फुटतात ते संस्थांच्या मार्गदर्शन केंद्रांत. विलेपार्ल्याचे ग्राहक भवन असो की एखाद्या तालुक्याच्या गावी वाचनालयातली आठवड्यातली संध्याकाळ असो, दृश्य सारखेच. टेबलामागे बहुधा निवृत्त माणूस. बँकेतला, विमा कंपनीतला, शिक्षण खात्यातला. समोर येणारा माणूस आधी सगळी हकिगत सांगतो. किती मनस्ताप झाला, मॅनेजर कसा उद्धट बोलला, शेजाऱ्यांच्या बाबतीतही कसे असेच घडले. कार्यकर्ता ते ऐकून घेतो आणि मग विचारतो, पावती आहे का?

पुढचे प्रश्न ठरलेले. पैसे कधी दिले, रोख की ऑनलाइन? करारावर सही केली तेव्हा प्रत घेतली होती का? कंपनीला लेखी कळवले का, की नुसते फोन केले? घटनेला दोन वर्षे उलटली का? दोन वर्षांची ही मुदत अनेकांना माहीत नसते. ‘करतो, करतो’ म्हणत समोरचा दिवस काढतो आणि साधा माणूस भिडेखातर थांबतो. कधी कार्यकर्त्याला नाहीही म्हणावे लागते. दुकान चालवण्यासाठी घेतलेल्या मालाचा वाद असेल तर तो बहुतेक वेळा व्यापारी हेतूचा ठरतो आणि ग्राहक आयोगात टिकत नाही. हे आधीच सांगितल्याने एका माणसाची दोन वर्षे वाचतात.

मग अर्ज लिहायला घेतला जातो. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. दावा कुठे दाखल करायचा हे आता मागितलेल्या भरपाईवर ठरत नाही, मोजलेल्या किमतीवर ठरते. ५० लाखांपर्यंत जिल्हा आयोग, २ कोटींपर्यंत राज्य आयोग, त्यापुढे राष्ट्रीय आयोग. पहिल्या मसुद्यात रागाची चार पाने असतात. ती दीड पानावर येतात. विशेषणे जातात, तारखा येतात. असा अर्ज किंवा नोटीस समोरच्याच्या हाती पडली की बरेच वाद तिथेच मिटतात, कारण या माणसाच्या मागे कोणीतरी आहे हे त्याला कळते.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो. ग्राहक मंच याला अपवाद ठरावा म्हणूनच निघाला होता. वकिलाशिवाय बोलता यावे, हा त्याचा गाभा. पण तोही सहज टिकला नाही. वकील नसलेल्या प्रतिनिधीने ग्राहकाची बाजू मांडावी का, हा वाद मुंबईतल्या एका जिल्हा मंचातून निघाला आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. मंचाने अशा प्रतिनिधींना मज्जाव केला होता. मुंबई उच्च न्यायालयाने २००२ मध्ये तो उठवला. ऑगस्ट २०११ मध्ये सी. वेंकटाचलम प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाचे म्हणणे उचलून धरले. मात्र या सवलतीआड कोणी धंदा मांडू नये म्हणून राष्ट्रीय आयोगाने नियम करावेत, असेही सांगितले. निकाल उलटा लागता, तर टेबलामागचा तो निवृत्त माणूस अर्ज लिहून देण्यापुरताच उरला असता.

खटल्याच्या पलीकडे

एका ग्राहकाला त्याचे पैसे मिळाले की त्याच्यापुरता प्रश्न सुटतो. ज्या पद्धतीमुळे तो फसला, ती पद्धत तशीच राहते. संस्थेचे खरे मोल त्या पद्धतीला हात घालण्यात आहे.

अहमदाबादच्या ‘कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटर’चे उदाहरण घेऊ. प्रा. मनुभाई शहा यांनी १९७८ मध्ये ही संस्था स्थापन केली. आयुर्विमा महामंडळाच्या कारभाराचा अभ्यास करून त्यांनी टीका करणारा निबंध लिहिला. महामंडळाच्या अधिकाऱ्याने त्याला उत्तर दिले आणि ते महामंडळाच्या ‘योगक्षेम’ या नियतकालिकातही छापून आले. शहांनी प्रत्युत्तर पाठवले, ते छापायला महामंडळाने नकार दिला. मामला न्यायालयात गेला आणि १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शहांच्या बाजूने निकाल दिला. जनतेच्या पैशावर चालणाऱ्या संस्थेला आपल्याच पानांवर एकतर्फी वाद घालता येणार नाही, असा त्याचा अर्थ. १९९५ मध्ये शहांच्याच संस्थेच्या दुसऱ्या प्रकरणात न्यायालयाने मुदत विम्याच्या एका योजनेतली अट घटनाबाह्य ठरवली. ती योजना फक्त सरकारी, निमसरकारी किंवा नामांकित कंपन्यांच्या पगारदारांसाठी होती. तिच्याबाहेर राहिलेल्या शेतकऱ्याने, फेरीवाल्याने किंवा घरकाम करणाऱ्या बाईने एकटीने विमा महामंडळावर दावा केला असता, ही कल्पनाच करवत नाही.

महाराष्ट्रात हे काम विजेच्या बाबतीत झाले. वीज नियामक आयोगासमोर दरवाढीचा प्रस्ताव येतो तो जाडजूड कागदांचा गठ्ठा असतो. वीज किती घेतली, किती विकली, गळती किती, शेतीपंपांच्या नावावर किती टाकली. साध्या ग्राहकाला यातले एक पानही उलगडत नाही. वीज कायद्याने आयोगाला ग्राहकांचे प्रतिनिधी नेमण्याची मुभा दिली आणि महाराष्ट्रात हे काम मुंबई ग्राहक पंचायत व पुण्याच्या ‘प्रयास’सारख्या संस्थांकडे आले. ‘प्रयास’च्या मंडळींनी तक्ते ताडून पाहिले, मोजल्याशिवाय शेतीच्या माथी मारलेल्या विजेवर बोट ठेवले. सुरुवातीच्याच सुनावण्यांत हे उघड झाले की राज्य वीज मंडळ सांगत होते त्यापेक्षा गळती पुष्कळ जास्त आहे. अशा कामाला मथळा मिळत नाही. पण दर युनिटला काही पैसे कमी लागले, तरी त्याचा लाभ राज्यातल्या प्रत्येक वीजग्राहकाला होतो आणि तो कोणामुळे झाला हे त्याला कधीच कळत नाही.

घरबांधणीत आणखी एक वाट निघाली. मे २०१७ मध्ये महारेरा, म्हणजे राज्याचे स्थावर संपदा नियामक प्राधिकरण, सुरू झाले. स्थावर संपदा कायद्यात ग्राहक आणि विकासकांच्या संघटनांनी मिळून समेटाची यंत्रणा उभारावी अशी सोय आहे. तिच्या आधारे २०१८ मध्ये महारेराचा सलोखा मंच निघाला. त्यात एका बाजूला मुंबई ग्राहक पंचायतीचे प्रतिनिधी, दुसऱ्या बाजूला विकासकांच्या संघटनांचे, आणि दोघांच्या मधे ताबा रखडलेले कुटुंब. बिल्डरसमोर एकट्याने बसणे आणि कायदा जाणणारा माणूस शेजारी घेऊन बसणे यातला फरक घरासाठी कर्जाचे हप्ते भरणाऱ्याला वेगळा सांगावा लागत नाही.

अडथळे

एवढे सगळे असूनही या चळवळीची तब्येत ठणठणीत आहे, असे म्हणता येणार नाही.

पहिला अडथळा वेळेचा. प्रयोगशाळेच्या तपासणीची गरज नसेल तर तीन महिन्यांत आणि असेल तर पाच महिन्यांत तक्रार निकाली काढावी, असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखांवर वर्षे जातात. आयोगांतल्या रिकाम्या पदांची सर्वोच्च न्यायालयाला २०२१ मध्ये स्वतःहून दखल घ्यावी लागली. बिनपगारी कार्यकर्ता किती तारखांना हजर राहणार?

दुसरा अडथळा कायद्याच्या अर्थाचा. फेब्रुवारी २०२० मध्ये शोभा हायबिस्कस प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की अपार्टमेंट कायद्याच्या सक्तीने बनलेली सदनिकाधारकांची संघटना ही स्वयंसेवी ग्राहक संस्था नव्हे. म्हणजे एकाच इमारतीतली शंभर कुटुंबे आधीच एका संघटनेत आहेत म्हणून ती ग्राहक संस्थेच्या हक्काने आयोगात जाऊ शकतील, असे नाही.

तिसरा अडथळा सगळ्यांत अवघड, कारण तो सोयीच्या रूपात येतो. १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन केला किंवा ऑनलाइन तक्रार टाकली, की कंपनी अनेकदा आठवडाभरात पैसे परत करते. एकट्या ग्राहकासाठी ही चांगलीच गोष्ट आहे. पण जो ओरडला त्याला पैसे मिळाले आणि जे गप्प बसले त्यांच्याकडून वसुली चालूच राहिली, तर कंपनीला आपली पद्धत बदलायचे कारण उरत नाही. संस्थेकडे येणारी तक्रार अशा रीतीने वाटेतच विरते. दहा सारख्या तक्रारी एका टेबलावर आल्याशिवाय त्यांच्यातले साम्य दिसत नाही.

समोरची बाजू मात्र संघटित असते. हॉटेलच्या बिलात न विचारता लावल्या जाणाऱ्या सेवाशुल्काचेच पाहा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये ते सक्तीचे करता येणार नाही अशी मार्गदर्शक तत्त्वे काढली, तेव्हा उपाहारगृहांच्या मोठ्या संघटना लगोलग दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. मार्च २०२५ मध्ये न्यायालयाने ती तत्त्वे उचलून धरली, तोवर जवळपास पावणेतीन वर्षे गेली होती. व्यापाऱ्यांच्या संघटनेला वर्गणी भरणारे सभासद असतात, कारण त्यात त्यांचा धंदा गुंतलेला असतो. ग्राहक मात्र वरणभाताला बसण्यापुरताच ग्राहक असतो. ताटावरून उठला की तो दुसऱ्या कामाला लागतो.

चौथी गोष्ट कार्यकर्त्यांच्या वयाची. संघात वजन करणाऱ्या पिढीची नातवंडे आता दहा मिनिटांत किराणा मागवतात. फसवणूकही त्या पडद्यावरच होते. न मागता टोपलीत टाकलेली वस्तू, सहज सुरू होणारी आणि बंद करताना दमवणारी वर्गणी. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्राने असे १३ ‘डार्क पॅटर्न’ नावानिशी बंद केले. पण पडद्यावरचे बटण आज होते आणि उद्या नाही, तर ते सिद्ध कसे करायचे? इथे वजनकाट्याऐवजी स्क्रीनशॉट, वेळेची नोंद आणि तांत्रिक जाण लागेल. नव्या पिढीला या चळवळीत खरोखर काम आहे ते हेच.

पैसा कोणाचा

शेवटी प्रश्न खर्चाचा. नमुना तपासायचा तर प्रयोगशाळेचे शुल्क, दावा चालवायचा तर टपाल, प्रवास, झेरॉक्स. संस्थेने कंपन्यांकडून देणगी घेतली तर तिच्या शब्दाला किंमत राहत नाही. सरकारकडून घेतली तर सरकारी वीज कंपनीविरुद्ध किंवा विमा महामंडळाविरुद्ध बोलताना जीभ अडखळते, असे म्हणणारे लोक आहेत.

या शंकेला उत्तर देताना ग्राहक कल्याण निधीचा उगम आठवावा. उत्पादकाने जादा भरलेला कर परत मिळायचा असतो, पण तो त्याने आधीच किमतीत घालून ग्राहकाकडून वसूल केलेला असतो. परतावा त्यालाच दिला तर त्याला एकाच रकमेचा दुहेरी लाभ होईल आणि खरा भार सोसणारा ग्राहक शोधून काढणे अशक्य. म्हणून केंद्रीय अबकारी कायद्यात १९९१ मध्ये दुरुस्ती झाली आणि असा पैसा ग्राहकांच्या कल्याणासाठी वेगळा ठेवायचे ठरले. वस्तू व सेवा कर कायद्यातही हा निधी आहे. म्हणजे हे पैसे सरकारने दिलेले दान नव्हे. तुम्ही-आम्ही बिस्किटाच्या पुड्यावर, साबणाच्या वडीवर जादा मोजलेले, परत मिळू न शकलेले पैसे आहेत ते.

तेव्हा तपासणीचा, दाव्यांचा आणि मार्गदर्शन केंद्रांचा खर्च या निधीतून नियमित, जिल्हावार आणि कोणाच्या मेहेरबानीशिवाय मिळावा, ही मागणी संस्थांनी लावून धरली पाहिजे. आणि ग्राहकाने? हेल्पलाइनवरून आपले पैसे परत मिळाले तरी त्या तक्रारीची एक प्रत जवळच्या ग्राहक संस्थेकडे द्यावी. संस्थेने अशा प्रतींचा गठ्ठा बांधून जिल्हाधिकाऱ्यांकडे किंवा केंद्रीय प्राधिकरणाकडे न्यावा. कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांनाही ग्राहकहक्कांच्या भंगाची चौकशी करण्याचा अधिकार दिला आहे आणि जिल्हा ग्राहक संरक्षण परिषदेचे अध्यक्षही तेच असतात. माल परत मागवणे, पैसे परत करायला लावणे, फसवी जाहिरात थांबवून दंड करणे, हे सगळे अधिकार प्राधिकरणाकडे आहेत. एका तक्रारीवर ते वापरले जातीलच असे नाही. पण पन्नास सारख्या तक्रारी, प्रत्येकीला पावती जोडलेली, अशा समोर ठेवल्या तर कानाडोळा करणाऱ्याला त्याचे कारण लेखी द्यावे लागेल. आणि ते कारण पटले नाही, तर त्याविरुद्ध कुठे जायचे हे त्या टेबलामागच्या माणसाला ठाऊक असते.